पटलावर ठेवलेली कृष्णाबाई

आमचे खासदार देवदत्त कारखानीस यांनी पाच वर्षांत संसदेतल्या एकशे त्रेचाळीस चर्चांमध्ये भाग घेतला. हा आकडा माझा नाही. त्यांच्या कार्यअहवालाच्या मुखपृष्ठावर तो लाल अक्षरांत छापलेला आहे आणि खाली साहेबांचा हात उंचावलेला फोटो आहे. सार्वजनिक आरोग्य, टपाल, शिधावाटप, बँका, महागाई, लघुउद्योग, मासेमारी. साहेब ज्यावर बोलले नाहीत असा विषय शोधून सापडायचा नाही. अडचण एवढीच, की साहेब बोललेले नाहीत.

त्याचं असं असतं. अर्थसंकल्पावरची चर्चा लांबते. बोलायला शंभर जण उत्सुक, वेळ चाळिसांपुरता. मग पीठासनावरून सांगतात, उरलेल्या सदस्यांनी आपली लेखी भाषणं सभापटलावर ठेवावीत, ती झाली असं समजलं जाईल. ठेवलेलं भाषण बोललेल्या भाषणाच्या शेजारी, त्याच टायपात कामकाजात छापून येतं. वर एक बारीकशी फुली असते, पण मतदार काही भिंग घेऊन कामकाज वाचत नाहीत. बाकीचे खासदार वेळ मिळाला नाही म्हणून कुरकुरत भाषण ठेवतात. आमचे साहेब मात्र सकाळी नाश्त्यालाच विचारायचे, "आज ठेवायचं आहे ना?" एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकतीस भाषणं ठेवलेली आहेत. उरलेल्या बारांपैकी एकात त्यांनी "माझा माईक बंद आहे का?" असं विचारलं होतं, आणि ते दळणवळण खात्यावरच्या चर्चेत मोजलं गेलं.

ही एकशे एकतीस भाषणं मी लिहिली. मी नंदकुमार टिपणीस, मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त, मुक्काम अंधेरी. छत्तीस वर्षं मी मंत्र्यांसाठी उत्तरं लिहिली. त्यामुळे निवृत्तीनंतर खासदारासाठी प्रश्न लिहिणं म्हणजे नुसतं टेबलाच्या पलीकडे जाऊन बसण्यासारखं होतं. साहेबांनी मला 'संसदीय सल्लागार' असं कार्ड छापून दिलं. माझी बायको जयंती म्हणाली, "घरात बसून डोकं खाण्यापेक्षा बरं." मला मात्र त्या कार्डाचं फार कौतुक होतं, हे कबूल केलं पाहिजे. सोसायटीच्या सभेत गटाराच्या झाकणाची चर्चा चालू असतानाही मी ते सहज वाटावं अशा बेताने खिशातून काढायचो.

माझी भाषणं गाजायची, म्हणजे कामकाज वाचणाऱ्या सात-आठ लोकांत गाजायची. त्याचं कारण मी आकड्यांच्या मध्ये एक खरं माणूस बसवत असे. "सकल उत्पादनाचा दर साडेसहा टक्के असला तरी" असं म्हणून झालं, की लगेच "माझ्या मतदारसंघातले अंबादास नावाचे एक सुतार मला म्हणाले". अंबादास खरोखर असायचा. नाव खरं, गल्ली खरी, दुखणं खरं. खोटं माणूस घातलं की वाक्य पोकळ वाजतं, हे मी मंत्रालयात शिकलो.

कृष्णाबाई अशीच माझ्या भाषणात आली.

कृष्णाबाई खारदांड्याची. तीस वर्षं ती आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पाटी घेऊन बसते. बोंबील, मांदेली, कधी पापलेट. आम्ही कायस्थ, त्यामुळे आमच्या घरी देवाच्या खालोखाल तिची वाट बघितली जाते. तिचा नवरा अनंता होडी किनाऱ्यावर ओढताना पडला आणि त्याचा खुबा मोडला. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून व्हायचं होतं, चार एप्रिलची तारीख मिळाली होती. योजनेला रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्ड चालू राहायला कार्डावरच्या माणसाने एकतीस मार्चच्या आत यंत्रावर अंगठा लावून आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. नाही केलं तर कार्ड बंद. अनंता खाटेवरून उठत नव्हता. अशा माणसाचं काम घरातल्या दुसऱ्याच्या अंगठ्यावर भागतं. म्हणजे सगळा भार कृष्णाबाईच्या अंगठ्यावर आला.

आणि कृष्णाबाईच्या अंगठ्यावर काही नव्हतं. चाळीस वर्षं बर्फात हात घालून, मिठात हात घालून, कोळंबी सोलून तिची बोटं गुळगुळीत झाली होती. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. दहाही बोटं झाली. डोळ्याचं यंत्र होतं, त्याला तिचा मोतीबिंदू चालला नाही. चेहऱ्याचं ॲप होतं, ते तीन वेळा गोल गोल फिरलं आणि "नंतर प्रयत्न करा" म्हणालं.

"दांड्यातल्या निम्म्या बायकांचा असाच हाय," ती मला म्हणाली. "यंत्राला कोलीण दिसतच नाय बग. भाऊ, तू लिवतोस ना दिल्लीला? लिव की आमचा पण."

मी लिहायचं कबूल केलं, आणि कधी नव्हे ते मनापासून. आधी शिधावाटप कार्यालयात चौकशी केली. तिथले निरीक्षक देशमाने हे सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी अपवाद यादी असते, कृष्णाबाईंचा अर्ज त्यात आला आहे, वरून जरा जोर लागला तर आठवड्यात होईल. वरून जोर लावणं हेच तर माझं काम. अर्थसंकल्पावरची चर्चा तोंडावर आली होती. साहेबांचा पक्ष तेव्हा विरोधी बाकांवर होता, त्यामुळे साहेबांना सार्वजनिक सेवांबद्दल अतोनात कळवळा होता. मी भाषण लिहिलं. त्यातला मजकूर असा:

"माझ्या मतदारसंघातील खारदांडा येथील मासेविक्रेत्या श्रीमती कृष्णाबाई यांनी चाळीस वर्षे या शहराला मासळी खाऊ घातली. बर्फाने आणि मिठाने त्यांच्या हातावरच्या रेषा पुसून टाकल्या. आज शिधावाटपाचे यंत्र त्यांना ओळखत नाही. ज्या अर्थव्यवस्थेला कष्टकऱ्याचा हात ओळखता येत नाही, तिचा विकासदर घेऊन आम्ही काय करू?"

लिहून झाल्यावर मीच तीनदा वाचलं. जयंतीला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ती कांदा चिरत होती, पण मी ते पाणी भाषणाच्या खात्यात धरलं.

हे सोमवारी. बुधवारी साहेबांच्या पक्षाने देशाच्या व्यापक हितासाठी सरकारला पाठिंबा दिला. देशाचं हित मंगळवारपर्यंत इतकं व्यापक नव्हतं, बुधवारी दुपारी अचानक झालं. साहेबांच्या कार्यालयात प्रसिद्धी बघणाऱ्या रुचिकाचा फोन आला.

"टिपणीस काका, भाषण उद्या ठेवायचंय. पण आता टीका नको, आभार पाहिजेत. साहेब बोलले, मटेरियल तेच ठेवा, फक्त मूड बदला. संध्याकाळपर्यंत जमेल ना?"

संध्याकाळपर्यंत. मला रागच आला. नवशिक्याला विचारावं तसं विचारत होती. मंत्रालयात मी एकाच धरणाच्या फाईलवर सकाळी "का बांधावे" आणि दुपारी "का बांधू नये" अशा दोन टिपण्या लिहिल्या आहेत आणि दोन्ही मंजूर झाल्या आहेत. मी फोन ठेवला आणि वीस मिनिटांत भाषण उलटं केलं. आकडे तेच ठेवले. साडेसहा टक्के आधी "केवळ" होते, ते "तब्बल" झाले. आणि कृष्णाबाईचा परिच्छेद असा झाला:

"माझ्या मतदारसंघातील खारदांडा येथील मासेविक्रेत्या श्रीमती कृष्णाबाई यांनी चाळीस वर्षे या शहराला मासळी खाऊ घातली. बर्फाने आणि मिठाने त्यांच्या हातावरच्या रेषा झिजल्या. तरीही शिधावाटपाचे यंत्र त्यांना क्षणात ओळखते. ज्या अर्थव्यवस्थेला कष्टकऱ्याचा झिजलेला हातही ओळखता येतो, तिचा विकासदर कोण रोखणार?"

जयंती पानं वाढत होती. तिने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "अहो, तिचं नाव तरी काढा यातून."

"नाव काढलं तर परिच्छेदात राहतं काय?"

"पण हे खोटं आहे ना?"

"भाषण आहे ते, प्रतिज्ञापत्र नाही," मी म्हणालो. "आणि वाचतंय कोण?"

हे वाक्य मी बोललो तेव्हा सुरमईचा तुकडा माझ्या ताटात होता आणि मी त्याचे काटे काढण्याची तयारी करत होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला कृष्णाबाईची आठवणच नव्हती. वाक्य किती सफाईने उलटलं याचाच आनंद होता. तिच्या कामासाठी साहेबांकडून वेगळं पत्र घेऊ, असं मी मनाशी म्हटलं आणि भाषण पाठवून दिलं.

वाचलं ते नेमकं नको त्याने. मंत्र्यांच्या कार्यालयातही माझ्यासारखाच एखादा निवृत्त माणूस असणार, त्यालाही आकड्यांच्या मध्ये बसवायला एक खरं माणूस हवं असणार. चर्चेला उत्तर देताना मंत्री महोदय म्हणाले, "आमचे नवे सहकारी कारखानीसजी यांनी मुंबईच्या कृष्णाबाई या कोळी भगिनीचं उदाहरण दिलं आहे. रेषा पुसल्या, पण यंत्राने ओळखलं. टीकाकारांना यापेक्षा मोठं उत्तर नाही." बाकं वाजली. साहेबांनीही जोरात वाजवलं, शेजारच्याला विचारलं म्हणे, "कोणाचं उदाहरण?"

रुचिकाने ती चित्रफीत तासाभरात सगळीकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी दांड्याच्या नाक्यावर फलक लागला. डाव्या कोपऱ्यात साहेब, उजव्या कोपऱ्यात साहेबांचे साहेब आणि मध्ये कृष्णाबाई, कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेली, तिच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. वर लिहिलं होतं, 'दांड्याची लेक, दिल्लीत झळकली.' कोळीवाड्यात पेढे वाटले. सोसायटीच्या फाटकाशी कृष्णाबाई पाटी घेऊन आली ती माझ्यासाठी दोन मोठी पापलेटं वेगळी बांधूनच.

"पैशे नको देऊ," ती म्हणाली. "तू बोल्लास तसा केलास. माझा नाव थेट दिल्लीन गेला. अनंता पडल्या पडल्या रडला रे."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पापलेटं घेतली.

मार्चच्या बावीस तारखेला ती मला घेऊन शिधावाटप कार्यालयात गेली. तिथे तिचा शब्द चालेल की नाही याची तिला खात्री नव्हती, पण माझ्या कार्डावर तिचा विश्वास होता. देशमाने आम्हाला बघून उठून उभे राहिले.

"या, या, कृष्णाबाई. तुम्ही तर आमच्या खात्याची शान वाढवलीत."

"माझा तो अर्ज," ती म्हणाली.

देशमान्यांनी फाईल उघडली. त्यांचा चेहरा पडला. फाईलमध्ये अर्जाच्या वर कामकाजाचं छापील पान लावलेलं होतं आणि त्यावर पिवळ्या रंगाने माझा परिच्छेद रंगवला होता.

"हे बघा टिपणीस साहेब, माझी अडचण समजून घ्या," ते म्हणाले. "ठसा उमटत नाही म्हणून मी यांना अपवाद यादीत घालणार होतो. शेरा लिहून तयार होता. पण आता देशाच्या सभागृहात यांच्या नावानिशी नोंद झालीय, की यंत्र यांना क्षणात ओळखतं. मंत्री महोदयांनी ती वाचून दाखवलीय. आता मी लिहू, ओळखत नाही म्हणून? म्हणजे सभागृहाची दिशाभूल झाली असं एक निरीक्षक म्हणतोय. माझी दोन वर्षं राहिलीत हो."

"पण अंगठा लागत नाही ना. लावून बघा की," मी म्हणालो.

"लागत नाही हे मला दिसतंय. पण ते अधिकृत नाही."

कृष्णाबाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. "काय लिवलंय त्या कागदान?" तिने विचारलं. देशमान्यांनी वाचून दाखवलं. माझीच भाषा, पण त्या खोलीत ती ऐकताना मला कानात बोटं घालावीशी वाटली. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"कारखानीस सायबानी असा लिवला?" ती म्हणाली. "त्यांना कोणी सांगितला का अंगठा लागतो म्हणून?"

मी म्हणालो, "साहेबांना भेटून दुरुस्त करून घेऊ." मी लिहिलं हे म्हणायला जीभ उचलली नाही. एरवी ही जीभ कुठेही चालते.

साहेब वांद्र्याच्या घरी भेटले. कार्यअहवालाची प्रूफं चाळत होते. मी सगळं सांगितलं, ऑपरेशनची तारीख सांगितली, भाषणात चूक झाली, संसदेच्या सचिवालयाला एक दुरुस्तीचं पत्र द्यावं असं म्हणालो. साहेबांनी चष्मा काढला.

"टिपणीस, मी सभागृहात आजवर कधी चुकीचं बोललोय?"

"नाही साहेब," मी म्हणालो. आणि हे अगदी खरं होतं.

"मग? मंत्र्यांनी माझं नाव घेतलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. आणि आता मी पत्र देऊन सांगू, की ते उदाहरण उलटं वाचा? पक्षात काय म्हणतील? आज आलो आणि आज लागलो कुरकुरायला?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "त्या बाईंचं काम होईल हो. आपण त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. रुचिका, एप्रिलमध्ये तारीख बघ."

"चार एप्रिल रिकामी आहे साहेब," रुचिका म्हणाली.

"ऑपरेशनचं साधं एक शिफारसपत्र तरी," मी म्हणालो.

"देतो ना. कार्ड चालू झालं की घेऊन या, लगेच देतो."

मी तिथून निघालो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आणि डोकं फिरलं की मला मसुदा सुचतो, ही माझी खोड. भाषण बदलता येत नाही, मंत्री बदलता येत नाही, यंत्र तर नाहीच. मग बदलता येण्यासारखं राहिलं कोण? छत्तीस वर्षांच्या नोकरीत याचं उत्तर मला एकच मिळालेलं आहे. घरी येऊन मी कृष्णाबाईच्या वतीने अर्ज लिहिला. खारदांड्यात कृष्णाबाई नावाच्या बायका काही एक-दोन नाहीत. तेव्हा:

"उपरोक्त भाषणात उल्लेख केलेल्या, यंत्राने क्षणात ओळखलेल्या श्रीमती कृष्णाबाई त्या मी नव्हे. सबब सदर नोंद मला लागू करण्यात येऊ नये व माझा अपवाद यादीतील अर्ज स्वतंत्रपणे विचारात घेण्यात यावा."

कायद्याच्या दृष्टीने निर्दोष अर्ज. सभागृह खरं, मंत्री खरे, साहेब खरे, यंत्रही खरं, आणि कृष्णाबाईचं काम होतं. सापही मरतो, काठीही मोडत नाही. या वेळी मी जयंतीला वाचून दाखवला नाही.

कृष्णाबाईला मात्र समजावून सांगावं लागलं. ती फाटकाशी पाटीमागे बसली होती. तिने कागद उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे दिल्लीन गेली ती मी नाय असा बोलायचा?"

"फक्त कागदावर."

"आणि तो फलक?"

"राहू दे तो. त्यात आडनाव कुठे आहे?"

नाक्यावरच्या फलकाखालून जाताना गेले आठ दिवस ती पदर सावरून चालत होती, हे मी स्वतः बघितलं होतं. "अनंताचा पाय उभा राहील ना?" ती म्हणाली. "मंग नको मना दिल्ली." तिने डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. कागदावर एक सरळ काळा गोळा उमटला, आत एक रेघ नाही.

अठ्ठावीस तारखेला आम्ही पुन्हा देशमान्यांसमोर. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"वा. मसुदा म्हणजे मसुदा आहे," ते म्हणाले. "यात मला काही अडचण दिसत नाही. त्या बाई वेगळ्या, या वेगळ्या. फक्त पडताळणीसाठी एकदा अंगठा लावून घेतो, फाईलला लागतं."

"पण तो लागत नाही," मी म्हणालो.

"नाही लागला तरी चालेल. तेवढीच नोंद करायची."

कृष्णाबाईने लुगड्याला बोट पुसलं आणि यंत्रावर ठेवलं. लाल दिवा. देशमान्यांनी पडद्यावरचं वाचलं, मग अर्ज वाचला, मग पुन्हा पडदा. आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ती हालचाल बघितली, जी मंत्रालयात मी हजार वेळा बघितली होती, आणि माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावरही अनेकदा आली असणार. दोन कागद एकत्र आल्यावर तिसरं काहीतरी तयार होतं, तेव्हाची.

"टिपणीस साहेब," ते हळू म्हणाले, "हे कार्ड खारदांड्याच्या कृष्णाबाईंचं आहे. आमच्या नोंदीत कृष्णाबाई बऱ्याच आहेत, पण त्या नावाच्या मासेविक्रेतीचं हे एकच कार्ड आहे. म्हणजे भाषणातल्या कृष्णाबाई त्या याच कार्डावरच्या. या बाईंचा ठसा कार्डाशी जुळत नाही. आणि यांनी लेखी दिलंय, की त्या कृष्णाबाई मी नव्हे."

"अहो, पण तो फक्त मुद्दा आहे," मी म्हणालो.

"माझ्यासाठी तो पुरावा आहे. दुसऱ्याच्या कार्डावर यांनी इतकी वर्षं धान्य उचललं असं होतं हे. मला कार्ड जमा करून घ्यावं लागेल. तात्पुरतं हो. चौकशी होईपर्यंत."

त्यांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं. ओढून नाही, अगदी सभ्यपणे. तिनेही सोडलं, कारण तिला वाटलं शिक्का मारायला घेताहेत.

तेव्हा मात्र मी बोललो. उभा राहिलो आणि म्हणालो, ते भाषण मी लिहिलं, साहेबांनी ते वाचलंही नाही, यंत्र या बाईला ओळखत नाही हे मला आधीपासून माहीत होतं, आधी खरं लिहिलं होतं, मग वीस मिनिटांत खोटं केलं, हा अर्जही माझा, हिचा यात काही दोष नाही. मी हे सगळं लेखी द्यायला तयार आहे. आजूबाजूच्या रांगेतली माणसं बघायला लागली.

देशमान्यांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मी अजूनही म्हणेन. मग त्यांनी कामकाजाचं छापील पान माझ्यापुढे सरकवलं.

"यात तुमचं नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "भाषण माननीय सदस्यांचं आहे. तुम्ही लिहून दिलंत तर मी ते कुठल्या फाईलला लावू?"

मी पानाकडे बघत बसलो. एकशे एकतीस भाषणं, आणि मी कुठेही नाही. इतकी वर्षं मला याचा अभिमान होता.

बाहेर आलो. कृष्णाबाईने पाटी जिन्याशी ठेवली होती, त्यावर ओलं फडकं होतं. ती माझ्याकडे वळली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडच्या शिव्या अख्ख्या बाजाराला माहीत आहेत, आणि मी त्या खाल्ल्या असत्या.

"ते दिल्लीन गेला ते तूच लिवला व्हता?" ती म्हणाली. "अंगठा लागतो म्हणून?"

"हो."

"तुला तर माहीत व्हता."

"हो."

तिने मान हलवली, जणू एवढं एकच तिला समजून घ्यायचं होतं. मग म्हणाली, "बरा. आता एवढा सांग. चार तारखेला अनंताला न्यायचा का नाय? गाडीवाल्याला सांगून ठेवलाय मी."

मी काहीतरी जुळवायला लागलो. तहसील, आयुक्त, विशेष बाब, माणुसकीच्या दृष्टिकोनातून. ती ऐकत उभी होती. मी मध्येच थांबलो.

"नको नेऊस," मी म्हणालो.

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलायला खाली वाकली. मी हात लावायला पुढे झालो, तर ती म्हणाली, "राहू दे," आणि रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला तिने बोलावलं. त्या बाईने पाटीला हात लावून दिला. मग ती रस्ता ओलांडून बाजाराकडे गेली.